सत्त्व रश्श्यात उतरतं

तेओफिला पाक्सीचा रस्सा प्यायला तर मेलेला माणूस उठून बसेल, असं टेकडीवरचे लोक म्हणायचे. तेओफिला ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण ज्या दिवशी कुणीच काही म्हणायचं नाही, त्या दिवशी तिची पळी हंड्याच्या काठावर जरा जास्तच वाजायची.

पेरूच्या राजधानीच्या, लिमाच्या दक्षिण टोकाला, जिथे शहर संपून नुसती राखाडी टेकडी उरते, तिथे पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या घरांमध्ये ही सामाईक चूल होती. महामारीत सगळ्यांची कामं बंद पडली तेव्हा तेओफिलानेच ती मांडली. देवळाच्या जत्रेतला मोठा अ‍ॅल्युमिनियमचा हंडा मागून आणला, फळांच्या खोक्यांच्या फळ्या फोडल्या आणि बाजारातल्या खाटकाला गोड बोलून मेंढीच्या मुंड्या मिळवल्या. पुढे कामं परत सुरू झाली, पण चूल काही विझली नाही. भाज्या कुणीही चिरो, पाण्याच्या टँकरमागे कुणीही धावो, पळी मात्र तेओफिलाच्याच हातात. वाढायची रीतही तिचीच. ती तिने डोंगरांतल्या पुनोच्या गार पठारावरून, आपल्या आईच्या चुलीवरून जशीच्या तशी उचलून आणली होती.

रीत अशी. मुंडी रात्रभर शिजायची, हाडं सुटायची, आणि सकाळी हंड्यावर सोनेरी चकाकी धरायची. ती पहिली पळी तान्ह्यांची. मग बाळंतिणी, मग म्हातारे. सगळ्यात शेवटी पळी तळाला जायची आणि मांस, बटाटे, मका असं सगळं घट्ट गड्यांच्या वाडग्यात पडायचं. कारण मांसाचं सत्त्व सगळं रश्श्यात उतरतं, मागे राहतो तो चोथा, असं आई सांगायची. चोथा दातांना आणि खांद्यांना. सत्त्व ज्याला दात नाहीत त्याला. यात बाळांवर कुणी अन्याय करत नव्हतं. उलट हंड्यातलं सगळ्यात मोलाचं त्यांना मिळत होतं, आणि त्यातलंही पहिलं आब्रिलला.

आब्रिल ही तेओफिलाची नात, नोएमीची मुलगी. नोएमी समुद्राकडच्या एका बंगल्यात स्वयंपाक-झाडलोट करायची. उजाडायच्या आत दोन बस बदलून जायची आणि दिवे लागल्यावर परत यायची. मुलीचा बाप खाणीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा आब्रिल आजीची. बसवलं तिथे बसणारी, दिलं ते पिणारी, कुणी उचललं तरी हूं की चूं न करणारी. टेकडीवरच्या बाया म्हणायच्या, तेओफिला, असं गुणाचं मूल नशिबानेच मिळतं, आमच्या कार्ट्यांनी तर जीव नकोसा केलाय. तेओफिला म्हणायची, रश्श्याचं मूल आहे, पोट भरलंय, कशाला रडेल?

आब्रिलची एकच खोड होती. घराची मागची भिंत म्हणजे खोदून उभी कापलेली टेकडीच. आब्रिल थुंकीत बोट बुडवून त्या भिंतीवर फिरवायची आणि चोखायची. कधी सरळ जीभच लावायची. शेजारच्या कुणी हे पाहून तोंड वाकडं केलं की तेओफिला हसत आपली ठरलेली गोष्ट सांगायला बसायची. म्हणायची, अगं, आमच्या घराण्याचंच रक्त आहे हे. माझा धाकटा भाऊ इलारिओ. स्वयंपाकघराची मातीची भिंत चाटून चाटून त्याने तिला आपल्या तोंडाएवढा खळगा पाडला होता. आई लिंपायची, हा पुन्हा दुसऱ्या जागी सुरू. आई म्हणायची, याला जेवायला नको, घरच वाढा. आणि आमच्याकडे पठारावर बटाट्याबरोबर पांढऱ्या मातीचं कालवण खातातच की. मग पोरीने जरा भिंत चाटली तर काय बिघडलं?

गोष्ट ती नक्कल करून सांगायची. इलारिओची जीभ, आईचा लिंपणाचा हात, सगळं. लोक पोट धरून हसायचे.

सेनोबिया तेवढी हसायची नाही. ती चुलीवरची दुसरी स्वयंपाकीण, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची, जिभेने तिखट. तिचा नातू दाइरो आब्रिलच्याच वयाचा होता आणि टेकडीवर सगळ्यात मोठ्याने बोंबलायचा. सेनोबिया बाजारातल्या कोंबडीवाल्याकडून कोंबडीचं रक्त आणायची, कांद्यावर त्याची रक्ती परतायची आणि बटाट्यात कुस्करून त्या पोराला भरवायची. तेओफिलाला त्या वासानेच मळमळायचं.

"नातू पाळलायस की मांजर?" ती एकदा म्हणाली.

"मांजर तर मांजर," सेनोबिया कांदा चिरता चिरता म्हणाली. "मांजरं भिंतीवर चढतात बाई. चाटत नाहीत."

त्यावर दोघी आठवडाभर एकमेकींशी फक्त मीठ आणि तिखट एवढंच बोलल्या.

हिवाळा लागला. टेकडीवर धुकं उतरलं की दोन-दोन महिने सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि लहान पोरांची नाकं वाहायला लागतात. त्या दिवसांत खालच्या आरोग्य केंद्रातली यानेत नावाची तरुण नर्स पायऱ्या चढून वर आली. चुलीशेजारी तिने खुर्ची टाकली, टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं, आणि मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त काढून तपासणार असं सांगितलं. बाया मागे सरल्या. पठारावरून आलेल्यांना तर रक्त काढलेलं मुळीच खपत नाही. गेलेलं रक्त परत भरत नाही असं त्या मानतात. तेव्हा तेओफिलाच पुढे झाली. आब्रिलला मांडीवर घेऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, हिचं घे आधी. म्हणजे चांगला आकडा कसा असतो ते बाकीच्यांना कळेल.

सुई टोचली. आब्रिल रडली नाही. बायांनी मान डोलावली.

नर्सने यंत्राकडे पाहिलं. मग दुसरं बोट पुसलं आणि पुन्हा टोचलं. पुन्हा पाहिलं. मग मुलीच्या डोळ्याखालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढली. तिथे लाल असायचं ते कागदासारखं फिकट होतं. ही काय खाते, असं तिने विचारलं.

"रस्सा."

"आणि?"

"रस्साच. मुंडीचा. वरचा, पहिला."

"त्यातलं मांस?"

"मांसाचं सगळं त्यातच उतरतं ना," तेओफिला म्हणाली. एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या मुलीला कशी ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलं.

यानेतने पेन खाली ठेवलं. "मावशी, चव उतरते. चरबी उतरते. मीठ उतरतं. रक्त ज्याच्यापासून बनतं ते लोह मांसातच राहतं. काळजात, रक्तीत राहतं. हिचं पोट माझ्या मुठीएवढं. ते तुम्ही पाण्याने भरता. मग बाकीच्याला जागा कुठे उरते?"

पाण्याने. तो शब्द चुलीभोवती सगळ्यांनी ऐकला. पोरीच्या रक्तात लोह फार कमी आहे, नुसतं थोडं कमी नाही, हेही ऐकलं. नंतर दाइरोची पाळी आली. चार जणांनी त्याला धरलं, त्याने खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा टाहो फोडला, आणि त्याचा आकडा अगदी ठीक निघाला. सेनोबिया एक अक्षर बोलली नाही. काही बोलली असती तर तेओफिलाला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी हंड्यात निम्मा रस्सा उरला. कुणी मुद्दाम टाकला नव्हता, पण बाया आपापल्या पोरांचे वाडगे पुढे करताना जरा थांबत होत्या. पायऱ्यांवरच्या गप्पा तेओफिला जवळ आली की गप्प व्हायच्या. यंत्र बिघडलेलं आहे, असं ती ज्याला त्याला सांगत राहिली. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी केलेलं यंत्र, त्याला पठाराचं रक्त काय कळणार? फोर्तुनातो, तिचा नवरा, दिवसभर टेकडीवर सिमेंटच्या गोण्या आणि गॅसच्या टाक्या वाहायचा. तो फक्त एवढंच म्हणाला की यंत्राला कुठलंच रक्त कळत नाही, ते नुसतं मोजतं. मग तीन दिवस ती त्याच्याशीही बोलली नाही.

नोएमीला हे बसमध्येच कुणीतरी सांगितलं होतं. घरी आली ती चपला न काढता आब्रिलला दिव्याखाली घेऊन बसली. तिची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. मग म्हणाली की पुढच्या तपासणीपर्यंत बघू. तोवर आकडा चढला नाही तर मुलीला तिच्या वडिलांच्या आईकडे, शहराच्या पलीकडच्या टोकाला ठेवायचं. तिथे एक दवाखाना जवळ आहे. रविवारी जाऊन भेटेन मी.

"आई, मी तुला दोष देत नाहीये."

"मग काय देतेयस?" तेओफिला म्हणाली.

नोएमीने मुलीला खाली ठेवलं. "शाळेत प्रार्थनेला उभी असले की मला घेरी यायची, आठवतं? बाई घरी आणून सोडायच्या. तू म्हणायचीस, ऊन लागलं. लिमात ऊन असतं का गं आई?"

रात्री तेओफिलाने हंडा घासला, आधीच घासलेला होता तरी.

नर्सने लोहाचे थेंब दिले होते. ते सुरू केल्यावर आब्रिलची शी काळी व्हायला लागली आणि तेओफिलाला हवा होता तो पुरावा मिळाला. एका सकाळी तिने मुलीला पाठीवरच्या रंगीत शालीत बांधलं, थेंबांची बाटली मुठीत घेतली आणि पायऱ्या उतरून आरोग्य केंद्रात गेली. वाटेत तिने सगळं भाषण जुळवलं. पोरीला विष देता, पोरीच्या आईचं डोकं फिरवता, आमचं अन्न नासवता. यानेतने तिला बसायला सांगितलं. काळी शी थेंबांनी होतेच, घाबरायचं नाही, असं म्हणाली, आणि कागदावर लिहिता लिहिता सहज विचारल्यासारखं विचारलं, मूल माती वगैरे खातं का?

आता बाजी तेओफिलाच्या हाती आली. हे तर तिचं हुकमी पान. तिने शाल सैल केली, मुलीला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सुरू केली. इलारिओ, भिंत, तोंडाएवढा खळगा, आईचं लिंपण. जीभ काढून दाखवली. याला जेवायला नको, घरच वाढा, हे आईच्या आवाजात म्हणून दाखवलं. गोष्ट संपली. हसायची जागा आली आणि गेली.

यानेतचं पेन थांबलं होतं. "आणि तो भाऊ? आता कुठे असतो?"

तेओफिलाने तोंड उघडलं. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना ती लिंपणाशीच थांबत आली होती. त्यापुढे काय झालं ते तिला ठाऊक होतं, पण ती दुसरी गोष्ट होती. तिचा या गोष्टीशी काही संबंध आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. दुसरी गोष्ट अशी की इलारिओ अंगणात उन्हाला बसायचा. फार शहाणा होता. कधी रडायचा नाही. गारठ्याच्या महिन्यात सगळ्याच पोरांना खोकला झाला. बाकीची खोकून बरी झाली. इलारिओ मात्र एका सकाळी उठला नाही. त्यालाही आई वरचा रस्सा द्यायची, पहिला, हंड्यावरची सोनेरी चकाकी.

आणि तिला स्वतःला? ती मोठी मुलगी. मेंढ्यांमागे गेलेल्या बापाची भाकर घेऊन डोंगरावर जायची. बाप जेवायला बसला की तिला शेजारी बसवायचा आणि मुंडीच्या गालाचं मांस, कधी जिभेचा तुकडा, आपल्या अंगठ्याने तोडून तिच्या तोंडात घालायचा. चोथा आहे, पण खा, म्हणायचा. मोठी झाली ती त्या अंगठ्यावर. घरी बसलेल्याला मात्र सत्त्व मिळत होतं.

"तो नाहीये," ती म्हणाली.

यानेत उठली, तिने पाण्याचा पेला आणून दिला. तिचं वय नोएमीहूनही कमी असावं. "मावशी, तो कशाने गेला ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. मलाही नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण अंगात रक्त कमी असलं की मुलं अशी माती खातात. आणि शांत होतात. रडायलाही ताकद लागते."

बाकीचं तिने हळूहळू सांगितलं. घास इतका घट्ट हवा की चमचा उलटा केला तरी पडू नये. काळीज, रक्ती, बारीक कुस्करलेलं मांस, रोज दोन चमचे तरी. वर लिंबू पिळायचं. जेवणानंतर बाटलीतून चहा किंवा कसला काढा द्यायचा नाही, त्याने लोह अंगी लागत नाही. रस्सा द्यायला हरकत नाही, पण जेवण म्हणून नाही. तेओफिला मान हलवत राहिली. बडीशेपेचा काढा ती रोज द्यायची. पोट दुखू नये म्हणून. पोरगी झोपावी म्हणून.

पायऱ्या चढताना तिला मध्येच बसावं लागलं. आब्रिल पाठीवर झोपली होती. धुक्यात वर कुठेतरी दाइरो रडत होता.

दुसऱ्या दिवशी वाढताना तिने पळी पहिल्यांदा तळाला घातली. पोरांच्या वाडग्यात मांस आणि बटाटे काढले, बोटांनी कुस्करले, चमचा उलटा धरून पाहिला. ओळीतले गडी ते बघत होते. फोर्तुनातो गोण्या टाकून आला तेव्हा त्याच्या वाट्याला बटाट्याची एक फोड आणि बराचसा रस्सा आला. त्याने वाडग्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मी आजारी आहे का?"

"नाहीस," ती म्हणाली. "म्हणूनच."

मागून कुणीतरी म्हणालं की तेओफिलाला चष्मा लागलाय बहुतेक, वाडगे ओळखू येईनात. दुसरा म्हणाला, आता आम्हीही भिंत चाटायला घेतो. ती वर न बघता वाढत राहिली. त्या आठवड्यात दोन गडी दुसऱ्या चुलीवर गेले. फोर्तुनातो त्याच ओळीत उभा राहिला आणि पातळ रस्सा प्यायला. रात्री भुकेने कूस बदलत राहिला, ते तिला ऐकू येत होतं.

सगळ्यात जड पाऊल वेगळंच होतं. सेनोबियाच्या दारात ती रिकामी वाटी घेऊन उभी राहिली आणि वाटी पुढे केली. सेनोबियाने वाटी पाहिली.

"कुणाला, मांजरीला?"

"हो," तेओफिला म्हणाली. "मांजरीला."

सेनोबियाने तिच्या हातून वाटी घेतली आणि आत गेली. कांदा जास्त घालायचा, वास मरतो, एवढं आतूनच सांगितलं.

आब्रिलला ते नको होतं. आजवर तिला नुसतं गिळायचं ठाऊक, चावायचं कुणी शिकवलंच नव्हतं. घास जिभेवर ठेवला की ती तो बाहेर ढकलायची. तेओफिला पुसायची, पुन्हा ठेवायची. अर्धी वाटी भिंतीवर, शालीवर, तिच्या केसांत जायची. मागच्या भिंतीवर फोर्तुनातोने प्लास्टिकचा कागद ठोकला होता. आब्रिल तिथे जायची, कागदावर जीभ लावायची आणि गोंधळून मागे बघायची. काही दिवस थेंबांनी पोट बिघडलं. एका रात्री तिला ताप आला आणि तेओफिलाला वाटलं, आता संपलं. नोएमीने आब्रिलच्या कपड्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

पुढच्या तपासणीला आकडा चढला होता, पण हवा तिथवर पोचला नव्हता. यानेत म्हणाली, अजून काही महिने लागतील, सोडू नका. इतक्या उशिरा सुरू केल्याने मागचं सगळं भरून येईल का, असं नोएमीने विचारलं. नर्सने प्रामाणिकपणे सांगितलं की ते आज सांगता येणार नाही. घरी येऊन नोएमीने बॅग दाराशेजारून उचलली आणि पलंगाखाली सरकवली. रिकामी मात्र केली नाही.

तेओफिलाची आई अजून पठारावर आहे. फार म्हातारी झाली आहे, ऐकायला कमी येतं, पण दर रविवारी शेजाऱ्याचा मुलगा तिला फोनची रेंज येते त्या दगडापर्यंत धरून नेतो आणि ती ओरडून बोलते. त्या रविवारी फोन आला तेव्हा तेओफिलाच्या मांडीवर आब्रिल होती आणि हातात कुस्करलेल्या काळजाची वाटी. फोन तिने खांद्यात धरला. पाऊसपाणी, मेंढ्या, कुणाचं लग्न, हे सगळं झालं. मग आईने नेहमीचं विचारलं.

"पोरीला रस्सा देतेस ना गं? वरचा?"

तेओफिलाने हातातल्या चमच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. भिंत, अंगठा, अंगणातलं ऊन. ती म्हातारी त्या दगडावर बसली असेल, वारा असेल, आणि हे ऐकून तिला पुन्हा घरापर्यंत चालत जायचं असेल.

"देते आई," ती म्हणाली. "पहिली पळी तिचीच."

तेवढ्यात आब्रिलने चमचा हाताने उडवला आणि भोकाड पसरलं. लालबुंद होऊन, पाय झाडत, सेनोबियाच्या दाराशी ऐकू जाईल असं.

"एवढं रडते?" पलीकडून आई म्हणाली. "बरं नाही का तिला? आमचा इलारिओ बघ, कधी म्हणून रडला नाही."

"हो," तेओफिला म्हणाली. रडण्यात तिचा आवाज पलीकडे पोचला की नाही कुणास ठाऊक. तिने फोन दुसऱ्या खांद्यावर घेतला, खाली पडलेला चमचा उचलला, शालीला पुसला आणि पुन्हा भरला.